दुलई की स्लीपिंग बॅग?

गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चाललाय. नात कॅलिफोर्नियात असते आणि या सप्टेंबरात ती जॉन म्यूर ट्रेल चालणार आहे. योसेमिटीच्या दरीपासून माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत, साधारण ३४० किलोमीटर, तीन आठवडे. आणि एकटी! सगळं बिऱ्हाड पाठीवर. अस्वलांपासून अन्न वाचवायला जो डबा न्यावा लागतो तोच रिकामा किलोभराचा. त्यामुळे बाकी सगळा हिशोब ग्रॅममध्ये. पोरीने टूथब्रशची दांडीसुद्धा कापलीय.

गाडी अडली ती पांघरुणापाशी. "आजी, क्विल्ट घेऊ की स्लीपिंग बॅग?" मी म्हटलं, अगं मला काय कळतंय त्यातलं? पण विचारलंय म्हटल्यावर मास्तरीण गप्प बसते होय! वाचायला बसले.

तर मंडळी, हे क्विल्ट म्हणजे आपली गोधडी नव्हे. गोधडीत कापडावर कापड असतं. हिच्यात बदकांच्या अंगावरची, काडी नसलेली मऊ लव भरलेली असते. म्हणजे ही दुलई झाली. ऊब ती लव देत नाही, तिच्यात अडकलेली हवा देते. आता स्लीपिंग बॅगेत आपण झोपलो की पाठीखालची लव आपल्याच वजनाने चेपते, हवा निघून जाते आणि ती बाजू निकामी होते. जमिनीची थंडी अडवते ती खालची हवेची गादी. मग पाठीखालचा भाग वाहायचाच कशाला? तो काढून टाकला, चेन काढली, टोपी काढली. पायाकडे पिशवीसारखा कप्पा ठेवला, की झाली दुलई. रे जार्डिन नावाच्या एका अमेरिकन भटक्याने १९९०च्या दशकात या कल्पनेचा बराच प्रचार केला. नातीसमोर जे दोन पर्याय होते त्यात बॅग नऊशे ग्रॅमची आणि तेवढ्याच थंडीसाठीची दुलई सहाशेची.

माझं मत पटकन दुलईकडे झुकलं, त्याला कारण आहे. १९८९च्या मे महिन्यात शाळेच्या मुलींना घेऊन मी हिमाचलात पदभ्रमणाला गेले होते. भाड्याची स्लीपिंग बॅग. मध्यरात्री उठायची वेळ आली आणि चेन अडकली. अंधार, गळ्यापर्यंत आवळलेलं, हात आत. जीव इतका घाबरा झाला की मी ओरडलेच. शेवटी नववीतल्या दोघींनी बाईंना पोत्यातून बटाटे काढावेत तसं बाहेर काढलं. पुढे वर्षभर शाळेत ती गोष्ट फिरत होती. दुलईत ही भानगडच नाही, भिरकावली की मोकळं.

आणि इथेच मी थबकले. भिरकावली की...

ही पोर लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायची तेव्हा रात्रीतून चार वेळा पांघरूण लाथाडायची. गुडघे पोटाशी, कुशीवर, सारखी वळवळ. मी उठून परत घालायचे. सिएराच्या डोंगरात दहा हजार फुटांच्या वर सप्टेंबरातल्या रात्री पारा शून्याखाली जातो. तिथे कोण उठणार आहे पांघरूण घालायला?

दुसरी गोष्ट आकड्यांची. चांगल्या स्लीपिंग बॅगेवर चाचणी करून दोन तापमानं दिलेली असतात. एक 'कम्फर्ट', म्हणजे सर्वसाधारण बाई आरामात झोपेल ते. दुसरं 'लिमिट', म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते. दुलईला बहुधा ही चाचणी नसते, बनवणारा सांगतो तोच आकडा, आणि तो बऱ्याचदा या दुसऱ्याच्या जवळचा असतो. एकटीने जाणाऱ्या मुलीने त्यावर विसंबायचं का?

मी सरळ सांगितलं, पहिल्या खेपेला बॅगच घे. तीनशे ग्रॅम म्हणजे दीड वाटी तांदूळ. ती म्हणाली, "आजी, तांदूळ खाऊन संपतात गं, हे तीन आठवडे पाठीवर राहणार." निरुत्तर झाले.

भांडण्यापेक्षा करून बघणं बरं. मे महिन्यात ती टाहो सरोवराजवळ दोन रात्री तंबूत राहिली, मैत्रिणीची दुलई घेऊन. पहिल्या रात्री अपेक्षेप्रमाणे कूस वळताना कड उचलली गेली, पाठीत गार वारा, झोपेचं खोबरं. दुसऱ्या रात्री दुलईबरोबरचे इलॅस्टिकचे पट्टे गादीला बांधले. "एकदाही उघडी पडले नाही," असं फोनवर सांगताना तिचा आवाज मला खरा वाटला.

शेवटी तिने दुलईच घेतली. पण थोडी रुंद, आणि आधीच्यापेक्षा पाच-सहा अंश जास्त थंडीची. सव्वासातशे ग्रॅम. माझ्या भीतीची किंमत सव्वाशे ग्रॅम धरली म्हणायची! मी असते तर अजूनही बॅगच घेतली असती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवते. पण चालणार ती आहे.

राहिली टोपी. दुलईला टोपी नसते, त्यामुळे डोकं वेगळं झाकावं लागतं. हे ऐकल्याबरोबर मी लोकर काढली. "आजी, साठ ग्रॅमच्या वर नको हं!" असा हुकूम आला. काल कानटोपी पुरी झाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर चौऱ्याहत्तर. आज सकाळी गोंडा आणि गळ्याखालचे बंद उसवले. आता एकसष्ट आहे.

तो एक ग्रॅम मी काही काढणार नाही.