दरी सोडताना

रॉबर्ट ओब्रायन यांची ‘झेड फॉर झकराया’ ही इंग्रजी किशोरकादंबरी त्यांच्या निधनानंतर, १९७४ साली प्रसिद्ध झाली. अणुयुद्धातून वाचलेल्या एका दरीत सोळा वर्षांची ॲन एकटीच शेत नांगरते, गाय सांभाळते, रोजनिशी लिहिते. किरणोत्सर्ग रोखणारा पोशाख घातलेला लूमिस तेथे येतो व आजारी पडतो. ॲन त्याची शुश्रूषा करते. तापातील त्याच्या बरळण्यातून एक रहस्य उलगडते: याच पोशाखासाठी त्याने सहकाऱ्याचा खून केलेला असतो. बरा होताच तो ॲनवर हुकमत गाजवू लागतो. अखेर तोच पोशाख घेऊन ती दरी सोडते.

येथे वाचकाचे मन दुभंगते. जिने भूमी कसली, तिनेच निघून जावे, हे त्याला अन्यायाचे वाटते. मात्र खुन्यापासून सुटताना ती स्वतः खुनी झाली नाही, याचे समाधानही वाटते. पुस्तक मिटते, मागे राहिलेल्या शेताची हळहळ मिटत नाही.