रक्तातले वतन

वाडवडिलांकडून शेत वा वाडा आला तर आपण त्यास वतन म्हणतो. दुखणे आले तर त्याचे नावही हळू घेतो. माझ्या वडिलांना मधुमेह होता व त्यातच पुढे त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. “आपल्या रक्तातच आहे ते,” असे आत्या म्हणे, तेव्हा तिच्या स्वरात शरणागतीइतकीच शरमही असे. आता माझी मुलगी विचारते, “बाबा, मलाही हे होणार का?” तिला काय सांगावे या विवंचनेत असता एका प्रथिनाची हकीकत माझ्या वाचनात आली.

रक्तात स्निग्ध पदार्थ वाहून नेणारे कण असतात. त्यांतील ज्या कणांच्या कोलेस्टेरॉलला डॉक्टर ‘चांगले’ म्हणतात, त्यांवर अपोएल-१ नावाचे प्रथिन स्वार झालेले असते. गुरांना पीडणारे ट्रिपॅनोसोम नामक सूक्ष्म जीव माणसाच्या रक्तात शिरल्यास ते त्यांना छिद्रे पाडून मारते. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या जंतूंनी मात्र या पहारेकऱ्यास चकविले. पुढे तेथील काही लोकांत या प्रथिनाची दोन निराळी रूपे निपजली आणि निद्रारोगापासून संरक्षण देणारी म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. २०१० साली त्यांची दुसरी बाजू उघडकीस आली. आई व बाप दोघांकडूनही असे रूप मिळालेल्या आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत मूत्रपिंडाचे विकार बरेच अधिक आढळले. असा विकार जडलेल्यांत, मधुमेह असो वा नसो, तो अधिक वेगाने वाढतो, असे २०१३ साली दिसून आले.

याच कथेचा एक धागा विदर्भात आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या रक्तात गुरांचा ट्रिपॅनोसोम सापडला. त्याच्या रक्तात हे प्रथिन मुळीच नाही, असा २००६ साली उलगडा झाला. तथापि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्याची मूत्रपिंडे निरोगी आढळली. तेव्हा प्रथिनाच्या अभावापेक्षा त्याचे बदललेले रूपच घातक असावे, असे मानण्यास जागा आहे.

आमच्या घराण्याचा या आफ्रिकी रूपांशी संबंध नाही. परंतु ज्यांना दोन्हीकडून ती मिळाली, त्यांच्यापैकीही बहुतेकांची मूत्रपिंडे निकामी होत नाहीत, ही गोष्ट मला मोलाची वाटली. जे एका पिढीचे चिलखत होते, तेच दुसरीला जड झाले. यात कोणाचे पाप आणि कशाची शरम? मी मुलीला म्हणालो, “होईलच असे नाही, होणारच नाही असेही नाही. पण वर्षातून एकदा साखर, रक्तदाब आणि लघवीतील प्रथिन तपासून घेत जा. आणि आजोबांना काय झाले होते, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांग.”