झिजेची कैफियत

मोटारीच्या चाकांचे कोन, स्टेअरिंगच्या दांड्यांची लांबी आणि रबरी बुशांचा ताण या सर्वांची व्यवस्था कारखान्याने एका मुक्रर उंचीसाठी लावून दिलेली असते, आणि ती उंची कोणी बदलली तर बाकीच्या सर्व बाबी नव्याने लावाव्या लागतात, ही गोष्ट मी एका जुन्या गाडीच्या सहवासात, तिच्या टायरांची झीज न्याहाळता न्याहाळता शिकलो.

ती लहानशी हॅचबॅक मी पुण्यात विकत घेतली, तेव्हा पूर्वीच्या मालकाने मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवलेल्या होत्या आणि गाडी सुमारे 40 मिलिमीटर खाली आलेली होती. वळणावर ती फारशी कलत नसे. खंबाटकीच्या घाटात तिचा तो स्थिरपणा अनुभवताना मला मनापासून समाधान वाटे, आणि म्हणून ती उंची कायम ठेवण्याचा माझा निश्चय होता. परंतु पुढचे नवे टायर वर्ष सरण्याच्या आतच आतल्या कडेला झिजून गेले. उभ्याने पाहणाऱ्यास त्यांचे निम्मे आयुष्य शिल्लक आहे असेच वाटले असते. स्टेअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून पाहिले, तेव्हा आतल्या खाचेच्या तळाशी असणारे, 1.6 मिलिमीटरची मर्यादा दाखवणारे उंचवटे भोवतालच्या रबराशी समपातळीत आलेले दिसले.

चाकांच्या कोनांची जुळणी, म्हणजे अलाइनमेंट, झालेली नव्हती असे नाही. शहरातील एका केंद्रात यंत्रावर गाडी चढवून ती रीतसर करून घेतली होती. पडद्यावर टोचे, म्हणजे चाके पुढून आत वा बाहेर वळण्याच्या कोनाचे, आकडे हिरवे आणि कॅम्बरचे, म्हणजे चाकांच्या उभ्या कलाचे, लाल उमटले होते, आणि या गाडीला कॅम्बरची दुरुस्ती नाही, असा खुलासा करून छापील दाखला माझ्या हाती दिला होता. दाखल्यातील टो निर्दोष असूनही टायर खाल्ले जात होते, आणि या विसंगतीचा उलगडा मला साताऱ्याच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे झाला.

त्यांनी यंत्राकडे जाण्यापूर्वी टायरच्या पृष्ठभागावर तळहात ठेवला आणि तो आतून बाहेर फिरवला. मग तोच हात बाहेरून आत आणला. मलाही त्यांनी तसे करावयास सांगितले. आतून बाहेर जाताना रबर मऊसूत लागत होते, परतताना मात्र प्रत्येक गट्टूची कड करवतीच्या दात्यासारखी बोटांना अडत होती. "साहेब, कॅम्बर डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याच्या नावानं बोटं मोडतात," ते म्हणाले, "पण टायर खातो तो टो. चाकं पुढून फाकलीत तुमची."

त्या विधानामागील गणित मी नंतर करून पाहिले. चाक आपल्या गतीच्या रेषेपासून केवळ अर्धा अंश वळलेले असेल, तर एक किलोमीटरच्या प्रवासात ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवे फरफटते. म्हणजे फिरणे आणि घासले जाणे या दोन्ही क्रिया अखंड एकत्र चालतात, आणि सहाणेवर चंदन उगाळावे तसे रबर उगाळले जाते. निव्वळ कॅम्बरने, म्हणजे चाकाचा माथा आत कलल्याने, आतल्या खांद्यावर भार वाढतो खरा, परंतु ती झीज संथ असते. त्यात टोची भर पडली की तोच भारलेला खांदा पाहता पाहता नाहीसा होतो.

माझ्या गाडीची पुढची रचना मॅकफर्सन स्ट्रटची होती. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही योजना 1950 मध्ये फोर्डच्या इंग्लंडमधील कॉन्सल आणि झेफर या गाड्यांतून लोकांपुढे आली, आणि सुटसुटीतपणामुळे आज बहुसंख्य लहान मोटारींनी ती स्वीकारली आहे. तीत गाडी खाली आली की चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आणि स्टेअरिंगचा दांडा, म्हणजे टाय रॉड, आपापल्या कंसातून फिरतात; दोन्ही कंस तंतोतंत सारखे नसल्याने टो बदलतो आणि कॅम्बरही उणे बाजूस सरकतो. माझ्या गाडीत तो उणे दीड अंश भरला.

मुख्य दोष मात्र लोअर आर्मच्या बुशांत सापडला. आखूड स्प्रिंगा बसवताना आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना आवळलेले असावेत, असे मिस्त्रींचे अनुमान होते. गाडी जमिनीवर येताच बुशांचे रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत अडकले आणि कालांतराने फाटले. यंत्रावर स्थिर उभ्या गाडीत आर्म जागेवर राहून आकडे हिरवे दिसत. ब्रेक लागताच तो सरके आणि टो भलतीकडे जाई.

दुरुस्तीचा क्रम मिस्त्रींनी काटेकोरपणे पाळला. नवे बुश घालून बोल्ट हलकेच लावले, गाडी स्वतःच्या भाराने चाकांवर उभी केली, मगच ते आवळले. स्ट्रटच्या वरच्या छिद्रात कॅम्बर बोल्ट बसवून कलणे पाऊण अंशावर आणले. हवेचा दाब सारखा केला, गाडी दाबून स्प्रिंगा बसू दिल्या, स्टेअरिंग सरळ बांधले आणि अगदी अखेरीस टो शून्याजवळ आणून टाय रॉडचे चेकनट घट्ट केले. त्यानंतर घातलेल्या टायरांवरून हात दोन्ही दिशांना सारखाच फिरतो, आणि आतली व बाहेरची खाच सारख्याच खोलीची भरते.

गाडीची ठेवण बदलण्याच्या हौसेचा मी निषेध करणार नाही, कारण त्या स्थिर चालीचा आनंद मी स्वतः घेतला आहे. परंतु आतून गुळगुळीत झालेला टायर पावसाळी घाटात केवळ मालकाचाच घात करील असे नाही. समोरून येणाऱ्या निरपराध प्रवाशाचाही करील. म्हणून ज्याने उंची बदलली, त्याने बुश तपासणे, भाराखाली बोल्ट आवळणे आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट करणे ही जबाबदारीही पत्करलीच पाहिजे. आणि छापील दाखला हाती असला तरी महिन्यातून एकदा तरी खाली वाकून, टायरच्या आतल्या कडेवरून आपला हात फिरवलाच पाहिजे.