रात्र जाऊ देऊ नका

आमच्या धर्मगुरुनिवासात एक बोका आहे. धान्याच्या कोठीतील उंदीर आवरावेत म्हणून आणलेला हा मुका जीव हळूहळू घरचाच होऊन गेला.

गेल्या उन्हाळ्यात एके सायंकाळी तो वारंवार राखेच्या ढिगावर जाऊन बसू लागला. कुंथे, केविलवाणा ओरडे, मागचे अंग चाटी आणि पुन्हा तेथेच जाई. आमच्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "फादर, बोक्याला लघवी होत नाही, असं दिसतं." प्रार्थनापुस्तकातून मान वर न करताच आम्ही उत्तर दिले, "पोट साफ नसेल. थोडे एरंडेल पाजा."

सकाळी मिस्सा आटोपून पाहतो तो बोका ओकून निपचित पडलेला! पोट गच्च फुगलेले. ते चोळण्यास आम्ही हात पुढे केला, तोच बाईंनी अडविले. टोपलीत घालून त्यास तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टर म्हणाले, "पोट दाबले असते तर मूत्राशय फुटण्याची भीती होती."

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. बारीक खडे व चिकट स्राव यांचे त्यात बूच बसते. मांजरीचा मार्ग आखूड व रुंद, म्हणून हे संकट बहुधा बोक्यावरच येते. मूत्र तुंबले की रक्तात विष साचते, पोटॅशियम वाढते आणि हृदयच बंद पडते. उपचारावाचून दोन-तीन दिवसांत प्राण जातो. डॉक्टरांनी भूल देऊन बारीक नळी घातली, मिठाच्या निर्जंतुक पाण्याने मार्ग धुऊन काढला व शिरेतून सलाईन दिले. नळी दोन दिवस ठेवावी लागली. बोका वाचला.

हे दुखणे उलटू शकते. म्हणून आता घरात तीन ठिकाणी पाणी ठेवतो व त्याचे अन्न ओलसर करून देतो. वाचकहो, घरगुती औषधांत वेळ दवडू नका. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजरास विषच होय. बोका पुनःपुन्हा बसून कुंथत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

कुमसाराच्या आसनावर बसून आम्ही परक्यांचे तासन् तास ऐकतो. घरातल्या बाईंचे एक वाक्य मात्र त्या सायंकाळी ऐकले नाही. बाईंची आम्ही क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "फादर, आधी दूध तापवते, त्याला भूक लागली असेल."