जगाच्या आधी घर

आजोबांची मोडीतील पत्रे, त्यांच्या बाळबोध नकलांसह, संकेतस्थळावर ठेवावीत असे आम्ही भावंडांनी ठरविले. पुढची पिढी दूरदेशी विखुरली आहे; नागरवाड्यातील घराचे दार तिच्यासाठी आता असेच उघडे ठेवता येईल. परंतु पत्रे घरगुती. म्हणून आत्याबाईंची अट होती : जगाने पाहण्याआधी आपण पाहायची.

ही अट पाळण्याची सोय संगणकातच असते. पूर्वी परस्परांशी जोडलेल्या संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्था सांभाळीत असे. यंत्रे वाढली, यादी आवरेना; तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची नामव्यवस्था आखली. तरी त्या यादीची खूण ‘होस्ट्स’ नावाच्या लहानशा फाइलीत उरली आहे. नावाचा पत्ता शोधताना संगणक बहुधा आधी तिच्यात पाहतो, मग बाहेर विचारतो.

त्या फाइलीत आम्ही एक ओळ घातली : १२७.०.०.१, आणि पुढे आमच्या संकेतस्थळाचे नाव. या पत्त्यावर धाडलेला निरोप यंत्राबाहेर पडतच नाही. त्याच संगणकावर मागितलेली पाने देणारा अपाची सर्व्हर बसविला. वाड्यात बिऱ्हाडे अनेक असली, तरी पोस्टमन पाकिटावरील नाव पाहून दार ठोठावतो. अपाचीही मागितलेल्या नावावरून नेमकी पाने काढून देतो. नाव खरेच असल्याने पूर्ण पत्ता लिहिलेले दुवेही घरीच पारखता आले.

आत्याबाईंनी वडिलांचे अक्षर पडद्यावर एकेक पत्र करून पाहिले. एका पत्रापाशी त्या थांबल्या. वाटणीच्या वेळी धाकट्या भावाविषयी लिहिलेले कठोर शब्द त्यात होते.

“हे आत्ता कुणाला दिसतंय का रे?”

“या खोलीबाहेर कुणालाही नाही, आत्या.”

“मग हे इथंच राहू दे. काकांची नातवंडं आहेत.”

आम्ही ते पान काढले. इतिहास झाकला, असे कोणी म्हणेल. परंतु पत्र फाडलेले नाही. ते दप्तरात आहे, आणि काकांच्या नातवंडांनी मागितले तर त्यांच्या हाती देऊ.

असे काही करू इच्छिणाऱ्या वाचकांनी एक ध्यानात ठेवावे. पारख संपताच ती ओळ पुसावी. एरवी घरचीच प्रत दिसत राहते आणि जगालाही तीच दिसते असे वाटते. आम्ही ओळ पुसली, आणि आत्याबाईंनी होकार दिलेली पत्रेच तेवढी बाहेर धाडली.