जात्याची घरघर राहू द्या

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, ऐंशीच्या पुढं गेल्या. जात्यावरच्या शेकडो ओव्या त्यांना तोंडपाठ आहेत. घरात दुसऱ्या कुणालाच त्या येत नाहीत. म्हणून सुगी आटोपल्यावर आम्ही ठरवलं, आत्यांना मोबाइलवर टिपून ठेवायचं.

चित्र घेणं सोपं, आवाज घेणं अवघड. आपला कान शहाणा असतो. म्हैस रेकते, पंखा फिरतो, शेजारी गिरणी चालते, तरी समोरच्याचं बोलणं तो बरोबर वेचून घेतो. मोबाइलला तशी निवड साधत नाही. दाणे आणि कचरा तो एकाच पोत्यात भरतो आणि मागाहून पाखडून सगळा कचरा निघत नाही.

म्हणून आधी जागा बदलली. पडवीवर पत्रा, तो वाऱ्यानं वाजतो. मधल्या घरात बसलो. तिथं मोकळ्या भिंतींमुळं आवाज घुमे. दोरीवर दोन वाकळा टांगल्या, खाली घोंगडं अंथरलं, घुमणं बरंच कमी झालं. पंखा, टीव्ही बंद केले. मोबाइलची घंटी मध्येच वाजू नये म्हणून तो एअरप्लेन मोडवर ठेवला. वेळ पहाटेची धरली. तेव्हा मोटारी आणि ट्रॅक्टर शांत असतात.

खरा गुण मात्र जवळ जाण्याचा. बोलणारा जवळ आला की त्याचा आवाज वाढतो, मागचा गलका मात्र तेवढाच राहतो. लेकीनं मोबाइल चार हातांवरून दीड हातावर आणला. जमिनीचा हादरा लागू नये म्हणून पाटावर उशी ठेवून तिला टेकवला. आवाज घेणारं बारीक भोक बहुधा खालच्या कडेला असतं; ते मोकळं ठेवलं.

नातू म्हणाला, "आजी, जातं थांबव, लई आवाज येतोय."

आत्या हसल्या. "जातं थांबलं की ओवी बी थांबती, बाळा. हात फिरल्याबिगर सूर कुठनं यायचा?"

मग जातं तसंच फिरू दिलं. कुठला आवाज घालवायचा आणि कुठला राखायचा, हे मोबाइलला कळत नाही, घरच्या माणसालाच कळतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, हे मोठंच काम. पण तुमच्या आजीचा आवाज टिपायला तुमच्याशिवाय कोण येणार? वाकळ घरात आहेच, आणि पंखा बंद करायला पैसे पडत नाहीत. उद्या पहाटेच बसा.