पोहणारं लाकूड

‘‘प्लॅस्टिकच्या माशाला साडेचारशे रुपये? येडी का काय गं तू?’’

जूनमध्ये अण्णांचा वाढदिवस होता आणि मी पुण्याहून झकास गिफ्ट नेलं होतं. चकचकीत बॉक्स, आत बोटाएवढा रंगीत मासा, त्याच्या पोटाला नि शेपटीला तीन-तीन टोकांचे गळ. याला म्हणतात ल्युअर. गांडूळ नको, कणकेची गोळी नको. तंगुसाला बांधायचा आणि पाण्यातून ओढायचा. तो जखमी माशासारखा वळवळतो आणि मोठा मासा फसतो. अण्णांनी बॉक्स उघडला, मासा नखानं टकटक वाजवून पाहिला आणि शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवून दिला. म्हणजे रिजेक्ट!

थोडा फ्लॅशबॅक. आमचं गाव कुर्डुवाडी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते सोलापूरला जाताना ट्रेनच्या खिडकीतूनच पाहिलं असेल. 1897 मध्ये एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे इथून सुटली. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. नॅरोगेजच्या या पिटुकल्या गाड्यांची कामं करणाऱ्या रेल्वेच्या कारखान्यात अण्णा सुतार होते. 2000 नंतर लाइन टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. अण्णांचा हात मात्र नॅरोगेजचाच राहिला. छोटं काम, पण नेमकं.

रविवारी हाच हात लाकडाचे मासे करायचा. मग मोटारसायकल काढायची आणि उजनीचं बॅकवॉटर गाठायचं. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या काठच्या उथळ, गवताळ पाण्यात मरळ सापडते. लहानपणी मी पेट्रोलच्या टाकीवर बसून जायचे आणि दिवसभर बोअर व्हायचे. अण्णा एवढं काय कोरत बसतात, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. पार्किन्सन्स, डॉक्टर म्हणाले. गंमत बघा, टीव्ही बघताना हात थरथरतो. पटाशी धरली की थरथर जरा थांबते, पण हातच हट्टी होतो. जड, हळू, ऐकतच नाही. अण्णांनी उजनीला जाणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणे, ‘‘मासंच ऱ्हायलं न्हाईत.’’ खरं काय ते आईनं फोनवर सांगितलं. ‘‘त्यांचा माशांचा डबा रिकामा झालाय गं. नवे करता येत नाहीत.’’

म्हणून मी विकतचा मासा नेला होता. प्रॉब्लेम दिसला की ऑर्डर करायची, आपलं जनरेशन ना! तो शोकेसमध्ये गेला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. रात्री जेवताना म्हटलं, ‘‘अण्णा, मला शिकवा.’’

‘‘तुला? खिळा ठोकता येतो का?’’

नव्हता येत. पण दर शनिवारी मी ट्रेन पकडायला लागले.

लाकूड पांगाऱ्याचं. सावंतवाडीची लाकडी फळं ज्याची करतात, तेच. वजनाला एकदम हलकं आणि पटाशीला मऊ. ओट्यावर खुर्ची टाकून अण्णा बसायचे, खाली पोत्यावर मी. तीन इंचांचा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंना पेन्सिलनं माशाचा आकार काढायचा, मग पटाशी, कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. दोन्ही कुशी सारख्या हव्यात. पोटात लांब खाच पाडून तिच्यात स्टीलची तार बसवायची. तिचंच एक टोक नाकाशी कडी, दुसरं शेपटीशी. मासा ओढ देतो तेव्हा जोर तारेवर यायला हवा, लाकडावर नाही. त्याच खाचेत शिशाचा तुकडा टाकून वर एम-सील. तोंडाखाली अॅल्युमिनियमच्या पत्र्याची जीभ. वरून व्हार्निशचे तीन हात, नाहीतर लाकूड पाणी पितं.

माझा पहिला मासा हौदात सोडला आणि त्यानं पोट वर केलं! मी शिसं फार वर बसवलं होतं. वजन पोटाच्या तळाशी असेल तरच तो सरळ राहतो. दुसरा सरळ राहिला, पण बसला नुसता गोल फिरत. मी वैतागून पटाशी आपटली.

‘‘लाकडाला घाई चालत न्हाई,’’ अण्णा म्हणाले. ‘‘टेबलावर समदं देखणंच दिसतं. पाण्यात टाकल्याबिगर कळतं व्हय?’’

मी त्यांना फिनलंडच्या लाउरी रापालाची गोष्ट सांगितली. 1936 मध्ये या मासेमाऱ्यानं बुचाच्या लाकडातून असाच मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद लावला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर पोचली. अण्णा हसले. ते चंदेरी कागद सिगारेटच्या पाकिटातला वापरायचे. ‘‘म्हंजे त्यालाबी इकतचं परवडत नव्हतं,’’ एवढीच कॉमेंट.

तिसरा मासा डावीकडे ओढत होता. इलाज सोपा. नाकावरची कडी किंचित उजवीकडे वाकवायची. किती? केसभर. मी पक्कड धरली, पण ते केसभर काही जमेना. अण्णा खुर्चीतून उठले, माझ्या मुठीवर मूठ ठेवली. त्यांचा हात थरथरत होता. मग आमचे दोन्ही हात थरथरले, मग थांबले. कडी वाकली. हौदात ओढला तर मासा सरळ निघाला, शेपूट हलवत. आई स्वयंपाकघरातून बघत होती. ती काहीच बोलली नाही, फक्त चहा टाकला.

जुलैत आम्ही उजनीला गेलो. या वेळी मोटारसायकल माझ्याकडे, अण्णा मागे. गवताच्या कडेनं दोन-चारदा मासा टाकून ओढला. जीभ उभी बसवली की तो वरवरच पोहतो, आडवी केली की खोल जातो. मरळीला वरचाच हवा, कारण ती हवा घ्यायला पृष्ठभागावर येते. आणि तेवढ्यात अण्णांनी बोट दाखवलं. पाण्यावर लालसर बुडबुड्यांसारखं काहीतरी हलत होतं.

‘‘पिल्लं हैत. खाली आईबाप असत्यात. आत्ता काय बी टाक, ती धावून येतील. भुकेनं न्हाई, पिल्लांपायी.’’

‘‘मग टाकू?’’

‘‘गुंडाळ दोरी.’’

पहिला मासा नक्की मिळाला असता, आणि मी दोरी गुंडाळली. नंतर तासभर दुसरीकडे टाकून पाहिलं, हाती काही लागलं नाही. घरी परतताना टेंभुर्णीला भजी खाल्ली.

रात्री अण्णांनी माझा लाकडी मासा पुसून कोरडा केला. बराच वेळ लागला त्यांना, मी मध्ये पडले नाही. मग तो त्यांच्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात गेला.

साडेचारशेचा मासा अजून गणपतीशेजारीच आहे. पाहुणे आले की अण्णा सांगतात, ‘‘पोरीनं पुण्याहून आणलाय.’’ लाकडी मासा कुणी केला, ते सांगत नाहीत. नुसता डबा उघडून पुढे करतात.